उभ्या गाडीतील आग

किल्ली काढून, दारे लावून, घराला लागून असलेल्या गॅरेजात रात्री उभी केलेली मोटार मध्यरात्री आपोआप पेट घेते, आणि तिच्या पेटण्याचे मूळ शोधू गेल्यास ते, जिच्या भरवशावर मनुष्य आपले प्राण निःशंकपणे सोपवतो त्या ब्रेकच्या यंत्रणेतच सापडते, असा प्रकार विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या गाड्यांत वारंवार घडू लागला.

वेग आपोआप कायम राखणारे क्रूझ कंट्रोल ब्रेक दाबताच बंद पाडणारा एक क्षुद्र स्विच त्या गाड्यांत असे. त्याच्या एका अंगास दाबाखालील ब्रेक ऑइल, दुसऱ्या अंगास विजेचा प्रवाह आणि दोहोंमध्ये प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा, अशी त्याची रचना होती. आणि गाडी बंद असतानाही तेथील प्रवाह चालूच राही. वर्षानुवर्षे दाब सोसून पापुद्र्यास चीर जाई, ऑइल पलीकडे झिरपे, हवेतील ओलावा शोषण्याच्या त्याच्या स्वाभाविक गुणामुळे धातू गंजत जाई, विजेला नको तेथून वाट मिळे, आणि त्या उष्णतेने स्विचचे प्लास्टिक व गळलेले ऑइल ही दोन्ही पेट घेत. १९९९ मध्ये कंपनीने काही गाड्या परत मागवल्या; २००५ मध्ये सुमारे ३८ लाख, २००९ मध्ये आणखी ४५ लाख; आणि अखेर ही बेरीज १ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली. एकाच स्विचचा दोष निस्तरण्यास दहा वर्षे लागावीत आणि मधल्या काळात लोकांची घरे जळावीत, हे मला अक्षम्य वाटते.

हा इतिहास तेथेच संपला असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई व किया या कंपन्यांनी अमेरिकेतील सुमारे ३४ लाख गाड्या परत मागवल्या. एबीएस या ब्रेक-यंत्रणेच्या नियंत्रक भागात ब्रेक ऑइल गळून शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असल्याने, दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर, इमारतींपासून दूर उभी करावी, असे मालकांना कळवण्यात आले. त्या गाड्या २०१० ते २०१९ या सालांतील मॉडेलांच्या होत्या. उपाय म्हणून फ्यूज बदलून देण्यात आला. फोर्डनेही पूर्वी तारांच्या जोडणीत फ्यूजच बसवून दिला होता. फ्यूजने आग टळते आणि माणसे वाचतात, हे मोठेच कार्य आहे. तथापि ऑइल गळण्याचे मूळ कारण त्याने दूर होत नाही, आणि मालकाला तसे स्पष्ट शब्दांत सांगणे हा दुरुस्तीचाच भाग मानला गेला पाहिजे.

मालक कितीही दक्ष असला तरी हा दोष त्याला दिसणे शक्य नसते. एकाची गाडी जळते तेव्हा तो दैवाला दोष देतो, विमा कंपनी दावा चुकता करून प्रकरण दप्तरी दाखल करते. शेकडो गावांतील अशा घटना एकत्र ठेवून त्यांतील समान कारण ओळखण्याचे सामर्थ्य केवळ निर्मात्यापाशी आणि सरकारी यंत्रणेपाशी असते. म्हणून, अशा ज्ञानाची चाहूल लागल्यावर मौन बाळगणे हा व्यापारातील निष्काळजीपणा नसून मनुष्याच्या जीविताविषयीचा अपराध होय.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने परत मागवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यासंबंधीचे नियम अमलात आले. परंतु सक्तीची ही तजवीज सात वर्षांच्या आतील वाहनांपुरतीच ठेवण्यात आली. वर उल्लेखिलेले दोष मात्र अनेक वर्षांच्या वापराने परिपक्व होणारे आहेत. २०२३ मध्ये परत मागवलेल्या गाड्यांपैकी कित्येक सात वर्षांची मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या होत्या. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीची मुदत पंधरा वर्षांची आहे. शिवाय जुनी गाडी आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जाते, कंपनीचे पत्र पहिल्याच पत्त्यावर पोहोचते, आणि ज्याच्या दारात धोका उभा आहे त्या इसमाला त्याची गंधवार्ताही नसते.

निदान आगीचा संभव असलेल्या दोषांपुरती तरी सरकारने ही सात वर्षांची अट काढून टाकावी. आणि ज्यांनी जुनी गाडी विकत घेतली आहे, त्यांनी आरसी बुकावरील चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये याच आठवड्यात तपासून घ्यावा.