काढलेला फोटो, काढून घेतलेला फोटो

आमच्या घरातल्या ‘स्टुडिओ’चा जमाखर्च सोपा आहे. उत्तरेची खिडकी फुकट. मागचा पडदा म्हणजे आजीची काळी चंद्रकळा, कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी अडकवलेली. फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा तक्ता सावलीच्या बाजूला उभा केला की चेहऱ्याच्या काळोख्या अर्ध्यावर थोडा उजेड परततो. खरी खरेदी एकच : सेकंडहँड कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स.

अशा खिडकीतला उजेड मऊ असतो, पण कमीही असतो. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतकं उघडं ठेवावं लागायचं, आणि तेवढ्यात माझी सात वर्षांची लेक हलली की फोटो गेला. थोडक्यात, ती ‘हो’ म्हणाल्याशिवाय आमच्याकडे फोटो होतच नसे. मी विचारायची, “बसतेस का?” मग तिच्या अटी सुरू व्हायच्या. केस विंचरायचे नाहीत. बाहुलीपण फोटोत हवी. पाचच काढायचे. मला तेव्हा वाटायचं, जरा बरी लेन्स असती तर ही मनधरणी वाचली असती.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला 1863 साली, वयाच्या 48व्या वर्षी, मुलगी-जावयाने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहणाऱ्या या बाईंनी घरच्या कोळशाच्या कोठीत डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात स्टुडिओ थाटला. सुरुवातीच्या एका प्रयत्नात दोन मुलांपैकी एक खुदकन हसलं आणि काच वाया गेली. मग त्यांनी ॲनी नावाच्या मुलीला एकटीला बसवलं आणि समजावलं की तू हललीस तर माझी रसायनं आणि मेहनत फुकट जाईल. ॲनी हलली नाही. जानेवारी 1864मधल्या त्या फोटोला कॅमेरॉन आपलं पहिलं यश म्हणत. पुढे आठवणींत त्यांनी लिहिलंय, की हे चित्र जणू त्या मुलीनेच घडवलं असं वाटून आपण तिला द्यायला भेटवस्तू शोधत घरभर धावलो.

आता, ॲनीचं ते ‘हो’ कितपत खरं? मोठ्या माणसाने हळवं आवाहन केल्यावर लहान मूल काय करणार? माझी लेकही कित्येकदा मला बरं वाटावं म्हणूनच बसली असेल. मुलांची संमती ही अशी कच्चीच असते. पण ॲनी हसली असती तर कॅमेरॉनबाईंचा फोटो बिघडला असता. निदान तेवढी सत्ता तिच्या हातात होती.

मग माझ्याकडे नवा फोन आला. बटण दाबून धरलं की एका दमात दहा-वीस फोटो, अंधारातही. विचारायची गरज संपली. गेल्या पावसाळ्यात तिची शेजारची मैत्रीण घर बदलून गेली. लेक खिडकीशी बसून रडत होती. ओल्या गालावर उत्तरेचा तो उजेड पडला होता. मी दारातूनच फोटो काढले आणि त्यातला एक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ‘किती नॅचरल!’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मी आजवर काढलेल्या फोटोंत तो सर्वांत चांगला आहे, हे आजही मान्य करावं लागतं.

दिवाळीत एका आत्याने तिला तो दाखवला. घरी आल्यावर तिने विचारलं, “मी रडत होते तेव्हा तू फोटो काढत होतीस?”

‘कुणाला का दाखवलास’ असं तिने विचारलं असतं, तर माझ्याकडे उत्तर होतं. ग्रुप घरचाच, माणसं आपलीच. पण तिचा प्रश्न तो नव्हता. आई त्या वेळी काय करत होती, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि ते फोटोतच दिसत होतं.

न सांगता टिपलेला फोटो अधिक खरा, पोज दिलेला खोटा, असं आपण सहज म्हणतो. त्या फोटोतलं रडणं खरंच होतं. पण ते तिने मला दाखवलं नव्हतं, मी घेतलं होतं. आपल्या आधीची पिढी स्टुडिओत जाऊन फोटो ‘काढून घ्यायची’. ज्याचा फोटो, तोच त्या क्रियापदाचा कर्ता. नुसतं ‘काढणं’ मात्र दुसऱ्या कुणाचं असतं, आणि काढायला समोरच्याच्या परवानगीची गरज नसते.

तो फोटो मी माझ्याकडून पुसला. इतरांच्या फोनमध्ये तो आहेच. आता पुन्हा चंद्रकळा दोरीला लागते आणि जुनाच कॅमेरा बाहेर येतो. मी विचारते, “बसतेस का?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. या वर्षीचे तिचे फोटो एकूण अकरा. त्यातल्या चारांत तिने तोंडासमोर बाहुली धरली आहे.