‘नुसती सजावट’

आकाशकंदील घरात कोणी लावीत नाही. तो बाहेर टांगायचा असतो. देवघरातली समई घरच्यांसाठी तेवते. कंदील मात्र रस्त्याने जाणाऱ्यासाठी असतो. जाणारा कोण, त्याची बोली कुठली, तो आपला देव मानतो की नाही, याची चौकशी कंदील करीत नाही. पण म्हणून कंदिलाला काही अर्थच नाही, असे नव्हे. सणाची सजावट ही अशी दुहेरी वस्तू आहे. ती जन्मते श्रद्धेच्या पोटी आणि उभी राहते चारचौघांत. या दुहेरीपणातूनच एक प्रश्न निर्माण होतो. एका धर्माच्या सणाची सजावट सर्वांच्या जागेत असावी काय? आणि असावी, तर कोणत्या नात्याने?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या शाळेत डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात व्हरांड्यात नाताळचे झाड उभे राहते. सुरूची एक फांदी, घोटीव कागदाच्या चांदण्या, आणि ज्या गावाने कधी बर्फ पाहिले नाही तिथे कापसाचे बर्फ! शाळेत ख्रिस्ती घरांतली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोन-चार वर्षांतून एखादे पालक कार्यालयात येतात आणि विचारतात, “सर, हे आपल्या शाळेत कशाला?” अशा वेळी शेजारी बसलेले कोणी तरी गुरुजी चटकन सांगून मोकळे होतात, “अहो, नुसती सजावट आहे ती!” पालक गप्प होतात, चहा घेऊन जातात. मला मात्र वाटते की, पालकांचा प्रश्न योग्य असतो आणि हे उत्तर अयोग्य असते.

इतिहासाच्या अंगाने गुरुजींचे म्हणणे अगदीच निराधार नाही. बायबलातील ख्रिस्तजन्माच्या कथेत गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. सजवलेले झाड नाही. ते आले जर्मन भाषिकांच्या घरांतून. स्ट्रासबुर्ग येथे लोक घरात सूचिपर्णी झाडे आणून त्यांना कागदी गुलाब आणि सफरचंदे बांधतात, अशी नोंद १६०५ सालची आहे. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती अल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आले, आणि ही चाल इंग्रजी घरांत वेगाने पसरली. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ ख्रिस्ती वसाहतीने नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा १६५९ ते १६८१ असा बावीस वर्षे टिकला. ख्रिस्ताच्या अनुयायांनाच हा सण पुरेसा ख्रिस्ती वाटत नव्हता! उलट सोव्हिएत रशियात विसाच्या दशकाच्या अखेरीस हेच झाड धार्मिक म्हणून हद्दपार झाले आणि १९३५ मध्ये ‘नववर्षाचे झाड’ या नावाने परत आले.

तात्पर्य, अर्थ झाडाच्या फांदीत नसतो, पाहणाऱ्याच्या मनात असतो. पण यावरून ‘म्हणून त्याला अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मंगळसूत्राचा अर्थही सोन्यात आणि काळ्या मण्यांत नसतो. तरी ते ‘नुसता दागिना’ आहे, असे कोणा सुवासिनीला म्हणून पाहावे.

‘नुसती सजावट’ या उत्तराची किंमत किती पडते, हे अमेरिकेतील एका खटल्यात चांगले दिसते. ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट या गावी नगरपालिका नाताळात बाजारपेठेतील बागेत देखावा मांडीत असे. त्यात सांताक्लॉजचे घर, रेनडियर, विदूषक, हत्ती, रंगीत दिवे, आणि त्यांतच ख्रिस्तजन्माचा गोठा. सार्वजनिक पैशातून हा गोठा कसा, असा आक्षेप घेण्यात आला. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी गोठा ठेवण्यास परवानगी दिली. कारण तो एका मोठ्या सणासुदीच्या देखाव्याचा भाग होता. १९८९ मध्ये पिट्सबर्गच्या प्रकरणात न्यायालयाच्या जिन्यावर एकटाच मांडलेला गोठा अवैध ठरला, आणि दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर पंचेचाळीस फुटी झाडाशेजारी उभा असलेला ज्यूंचा दीपवृक्ष वैध ठरला. पुढे २०२२ मध्ये त्या न्यायालयाने अशा प्रकरणांची जुनी कसोटीच बाजूला ठेवली. कायद्याचे काय व्हायचे ते होवो, पण यातली नैतिक विसंगती विचार करण्यासारखी आहे. बाळ येशूला बागेत जागा मिळाली ती हत्ती-विदूषकांच्या रांगेत बसण्याच्या अटीवर! एकट्याने, आपल्या नावाने यावे तर दार बंद. भाविक खटला जिंकला, पण त्याची श्रद्धा शोभेच्या खात्यात जमा झाली.

हे दुःख आपल्याला, सीमाभागात राहणाऱ्यांना, समजावून सांगण्याची गरज नाही. पाटीवर कोणाची अक्षरे वर आणि कोणाची खाली, कोणाची मोठी आणि कोणाची बारीक, यावर आपल्याकडे किती रक्त आटले आहे! “अहो, नुसती पाटी तर आहे,” असे कोणी म्हटले की आपल्या अंगाचा तिळपापड होतो. पाटी वाचता येणे आणि पाटीत आपण असणे यांतला फरक आपण जाणतो. मग हाच फरक आपल्या वर्गातल्या बाकावरच्या त्या दोन-तीन मुलांनाही कळत असेल, हे आपण का विसरावे?

आता प्रश्न विचारणाऱ्या पालकांकडे वळतो. त्यांची भीती अशी की, सजावटीमागून उपासना येईल आणि मूल नकळत त्या वाटेला लागेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण मग तोच न्याय घरालाही लावला पाहिजे. दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन होते. एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली जाते, तिला झेंडूची फुले वाहिली जातात. ही काय नुसती सजावट आहे? नाही. ती माझी श्रद्धा आहे आणि तसे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्या दिवशी फातिमा किंवा फिलोमिना रांगेत उभी असते. तिने हात जोडले नाहीत तर तिच्याकडे कोणी वळून पाहते का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केरळातील तीन ख्रिस्ती भावंडांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेपोटी गात नसत. न गाणे म्हणजे अनादर नव्हे, हे त्या निकालाचे सार. राष्ट्रगीताला जे लागू, ते आरतीला आणि नाताळच्या गीताला का लागू नसावे?

यावरून मी माझ्यापुरती कसोटी ठरवली आहे. सार्वजनिक जागेतील सजावटीपुढे हात न जोडणाऱ्याला ताठ उभे राहता येते का? येत असेल तर ती सजावट निमंत्रण आहे. येत नसेल तर ती हद्दीची खूण आहे, मग ती झाडाची असो, तोरणाची असो की झेंड्याची. निमंत्रणाला नकार देता येतो. हद्दीच्या खुणेला देता येत नाही.

गोव्याकडे ज्यांचे सोयरेधायरे आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे दिवाळीचा फराळ ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातो आणि नाताळात त्याच्या घरून गोडाचे ताट येते. दोन्ही ताटांत नेवरी असते! पण ही दिवाळीची नेवरी, ती नाताळची, हे दोघांनाही ठाऊक असते. नावे पुसल्यामुळे नव्हे, तर नावे राखल्यामुळे हा व्यवहार गोड झालेला आहे. लंडनच्या ट्राफल्गार चौकात १९४७ पासून दरवर्षी नॉर्वेहून झाड येते, तेही युद्धकाळातील मदतीची कृतज्ञता म्हणून, देणाऱ्याच्या नावानिशी.

म्हणून शाळेत झाड असावे, असे माझे मत आहे. पण काही अटींवर. ते कोणाचे आहे आणि त्या दिवशी काय घडले असे ते लोक मानतात, हे ज्यांचे आहे त्यांच्याच मुलांनी चार वाक्यांत सांगावे. ऐकणाऱ्याने ऐकावे, मानावे असे नाही. आणि ‘नुसती सजावट’ हे शब्द कोणीही उच्चारू नयेत. शाळेतल्या ईदच्या शुभेच्छांना आणि आपल्या सरस्वतीलाही हाच नियम.

यात धोका नाही का? आहे. खऱ्या श्रद्धा समोरासमोर आल्या की प्रश्न उठतात, मुले घरी जाऊन अवघड शंका विचारतात. पण ज्या श्रद्धेला मुलाची एक शंका पेलवत नाही, तिचे रक्षण व्हरांडा रिकामा ठेवून होणार नाही. आणि ज्या जिल्ह्यात आपण दोन भाषांत भाजी घेतो, तिथे दुसऱ्याच्या दारचा दिवा त्याचाच म्हणून ओळखून त्याच्या उजेडात चार पावले चालणे, एवढे तरी आपल्या मुलांना जमायला हवे.