पारध, कुत्री आणि दिल्लीचा कायदा

कात्रपला आज भाताचे खाचर शोधावे लागते. परंतु बदलापूरच्या एका अंगाला चंदेरीचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला बारवी धरणाचे रान अजून उभे आहे. त्या रानालगतच्या कातकरी आणि ठाकर पाड्यांवर पाच-सहा गावठी कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे निघणे ही गोष्ट केवळ वडीलधाऱ्यांच्या आठवणींपुरती उरलेली नाही. अशी पारध करणारा माणूस आज गुन्हेगार ठरतो. तो तसा ठरावा काय आणि ते कोणी ठरवावे, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हे दोन प्रश्न निराळे आहेत. वादात मात्र ते नेहमी एकमेकांत मिसळतात.

घटनाकारांनी वन्य पशुपक्ष्यांचे रक्षण हा विषय राज्यांकडे सोपवला होता. त्यानुसार मुंबई राज्याने 1951 साली स्वतःचा कायदा केला. पुढे काही राज्यांनी ठराव करून विनंती केल्यावर संसदेने 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि महाराष्ट्रानेही तो स्वीकारला. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत गेला. म्हणजे राज्याला बोलण्याची मुभा राहिली, पण शेवटचा शब्द बहुधा दिल्लीचा झाला. 1991 च्या दुरुस्तीनंतर तर शिकार थोडे अपवाद वगळता सरसकट बंद झाली. आजच्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबरच पाठलाग करणे, हाकणे, फासा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. कुत्रे जनावरामागे सोडले की गुन्हा घडलाच. जनावर निसटले तरीही.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा मामला मोठा विचित्र दिसतो. डुक्कर त्याचे भात खाते. ते उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर करायचे की नाही, हे बासष्टाव्या कलमान्वये केंद्र सरकार ठरवते. आणि कोणी ते मारलेच, तर मेलेले जनावर राज्य सरकारची मालमत्ता होते. शेतकऱ्याच्या वाट्याला तेवढे रात्रीचे जागरण येते.

आमच्या वाचकांना पोप अकरावे पायस यांचे 1931 चे परिपत्रक ठाऊक असेल. जे काम लहान समूह नीट करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून हिरावून घेणे अन्यायाचे आहे, हे तत्त्व त्यात मांडले आहे. ते वाचून कोणी म्हणेल, मग रानडुकराचा निर्णय ग्रामसभेनेच का घेऊ नये? आम्हांस हे उत्तर फार घाईचे वाटते. ग्रामसभेत शेतकरी बोलेल, कातकरी कदाचित बोलेल. डुक्कर बोलणार नाही. ज्याला सभेत तोंड नाही त्याचे रक्षण थोड्या दुरून व्हावे, यात शहाणपण आहे. जवळचे सरकार अधिक दयाळू असते असा अनुभव नाही. ते अधिक ओळखीचे असते, एवढेच. शिवाय कुत्र्यांच्या पारधीत एक खास क्रौर्य आहे. गोळी क्षणात जीव घेऊ शकते. कुत्री जनावराला धावडवतात, फाडतात, आणि बरेचदा स्वतःही सुळ्यांनी चिरली जातात. मारण्याची जबाबदारी मुक्या प्राण्याच्या जबड्यावर टाकून माणूस तीतून सुटत नाही. इंग्लंडमध्ये 2004 साली कुत्र्यांच्या शिकारीवर कायदेशीर बंदी आली. स्कॉटलंडच्या संसदेने त्याआधीच, 2002 साली, स्वतंत्रपणे तसाच कायदा केला होता. म्हणजे स्थानिक सत्ताही योग्य निर्णय घेऊ शकते. पण तेथे प्रश्न मुख्यतः घोड्यावर बसणाऱ्यांच्या करमणुकीचा होता, येथे तो चुलीचा आहे.

आणि येथेच आमचे मन अडखळते. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली, तेव्हा शर्यतवाल्यांना विधानसभा सापडली. 2017 साली राज्याने केंद्रीय कायद्यात आपली दुरुस्ती केली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात न्यायालयानेही ती मान्य केली. कातकऱ्याला अशी विधानसभा कधी सापडली नाही. उलट 2006 च्या वनहक्क कायद्याने परंपरागत हक्क देताना शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क तेवढा स्पष्ट शब्दांत वगळला. आम्ही तो वगळणे चूक म्हणत नाही. पण राज्याचा अधिकार हा शब्द कोणाच्या बाबतीत जोराने उच्चारला जातो आणि कोणाच्या बाबतीत ओठांवरही येत नाही, हे पाहिले म्हणजे या वादातील तत्त्वनिष्ठा किती खरी, असा संशय येतो.

दिल्लीने हात बांधले, ही तक्रारही अर्धीच खरी आहे. अकराव्या कलमाप्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर मारण्याची लेखी परवानगी राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी देऊ शकतो. केरळने रानडुकरांना उपद्रवी ठरवण्याची मागणी केंद्राकडे वारंवार केली, ती मान्य झाली नाही. तेव्हा 2022 साली त्या राज्याने अशी परवानगी देण्याचे अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेले. पोप पायस यांच्या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही: मर्यादा वरून आखलेली, तिच्या आतला निर्णय जवळच्या माणसाचा.

मात्र अशी परवानगी बंदूकवाल्याच्या उपयोगाची असते. पाड्यावरच्या माणसाकडे परवान्याची बंदूक नाही, कुत्री आहेत. कमी क्रूर साधन त्याच्या ऐपतीबाहेरचे आणि परवडणारे साधन तुरुंगात नेणारे, अशा कात्रीत तो आहे. या कायद्याखाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जंगल वाचले तर त्याचा लाभ कात्रपच्या सज्जांतून डोंगर पाहणाऱ्या आम्हा सर्वांना होतो. त्याची किंमत मात्र ज्याच्या ताटातून वसूल होते, त्याला बदल्यात काय द्यायचे, हे मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कोणत्याच कागदावर स्पष्ट लिहिलेले नाही.