ईशाला पत्र: उत्तरेला जाण्याआधी

चि. ईशास,


नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या विद्यापीठ केंद्रात एक सत्र शिकायला जावं का, असं विचारलंस. तुझ्या आईला पांढऱ्या अस्वलांची धास्ती वाटते आणि ती रास्त आहे. तिथे नव्या विद्यार्थ्यांना आधी बंदूक हाताळायला आणि बर्फावर जीव सांभाळायला शिकवतात, मग अभ्यास. तरी मी जा म्हणेन.

हे केंद्र १९९३ मध्ये नॉर्वेच्या चार विद्यापीठांनी मिळून काढलं, ७८ अंश उत्तरेला. बोटी, स्नोस्कूटर, बचावाची माणसं, एवढा पसारा एकट्याने सांभाळणं कुणालाही जड जातं. पण एकत्र येण्याचं खरं कारण याहून जुनं आहे. कार्ल वाइप्रेख्त या दर्यावर्दीचं जहाज १८७२ मध्ये बर्फात अडकलं. दोन हिवाळ्यांनंतर ते तिथेच सोडून सगळे घसरगाड्या आणि होड्या ओढत निघाले. नवी भूमी शोधल्याचा मान मिळाला होता, तरी परतल्यावर तो सांगत राहिला की ध्रुवाकडच्या शर्यतीतून ज्ञान फारसं वाढत नाही. अनेक देशांनी अनेक ठिकाणी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने नोंदी घ्यायला हव्यात. याच विचारातून १८८२ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष सुरू झालं, तेव्हा तो हयात नव्हता. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्रही २००८ पासून स्वालबार्डच्याच न्यू-ओलेसुंदला आहे. खाणकामगारांच्या या जुन्या वस्तीत कितीतरी देशांची केंद्रं शेजारी-शेजारी आहेत आणि जेवण एकाच भोजनगृहात होतं.

मात्र २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्य विद्यापीठांनी रशियन संस्थांशी असलेलं सहकार्य बहुतांशी थांबवलं. ती भूमिका मला पटते. पण आर्क्टिकचा जवळपास निम्मा किनारा रशियाचा आहे. सायबेरियातली कायम गोठलेली जमीन किती वितळते आहे, याच्या नोंदी बाहेर पोचल्या नाहीत तर सगळ्या जगाचा अंदाज कच्चा राहतो. हे मला अस्वस्थ करतं. तुमच्या पिढीला हे धागे पुन्हा जोडावे लागतील.

निघण्याआधी गोव्याला, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात जाऊन ये. ‘हिमाद्री’जवळच्या काँग्सफ्योर्डच्या पाण्यात २०१४ मध्ये त्यांनी नोंदी घेणारी यंत्रं सोडली. त्या नोंदी कशा तपासतात, यंत्र बंद पडलं तर ती रिकामी जागा कशी दाखवतात, हे नीट विचार. शिफारसपत्र मी लिहून ठेवतो. अर्जाची शेवटची तारीख तेवढी कळव.

तुझा,
विनूकाका