सोय आणि समज

सुधारणा हा शब्द अलीकडे इतका सवंग झाला आहे कीं, जो कोणी एखाद्या वस्तूंत फेरफार करतो तो तिची सुधारणाच करतो, असें धरून चालण्याचा प्रघात पडला आहे. विशेषतः हत्यारें, यंत्रें आणि संगणकाच्या आज्ञावल्या यांच्या बाबतींत सुधारणेची एकच कसोटी मानली जाते. ती ही कीं, पूर्वीं जें काम चार तासांत होत असे तें आतां चार मिनिटांत व्हावें, आणि ज्यास पूर्वीं दहा गोष्टी ठाऊक असाव्या लागत त्यास आतां एकही ठाऊक असण्याची गरज पडूं नये. या कसोटीचा पहिला भाग आम्हांस मान्य आहे. दुसऱ्या भागाविषयीं मात्र आमच्या मनांत संशय आहे; आणि तो कितपत साधार आहे हें पाहण्याकरितां आम्ही येथें सामान्य माणसाच्या नजरेस कधींही न पडणारें एक साधन विचारासाठीं घेत आहों.

तें साधन कोणतें हें सांगण्यापूर्वीं त्याची गरज कां पडते तें सांगितलें पाहिजे. लिनस टॉरव्हॉल्ड्स या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला. आज तो मोठ्या संगणकांतच नव्हे, तर घरांत इंटरनेट पुरविणारी राउटरची पेटी, दूरदर्शनसंच, कारखान्यांतील नियंत्रक यंत्रें अशा असंख्य उपकरणांत वावरत आहे. अशा पेटीचें बटण दाबलें म्हणजे प्रथम एक छोटी आज्ञावली जागी होते. ती कर्नलास स्मृतींत आणून बसविते. आणि कर्नल मग आपली रूट फाइलसिस्टिम, म्हणजे जिच्यांत सर्व आज्ञावल्या व त्यांचें सामानसुमान रचून ठेवलेलें असतें ती मूळ फाइलव्यवस्था, शोधूं लागतो. येथें एक मौजेचा पेंच असतो. हें कोठार उघडण्याची किल्ली पुष्कळदां कोठाराच्या आंतच राहिलेली असते. डिस्क वाचण्यास लागणारा ड्रायव्हर त्याच डिस्कवर असतो. म्हणून अगोदर स्मृतींतच एक लहानशी तात्पुरती फाइलव्यवस्था उभी करावी लागते आणि तिच्यांतील किल्लीनें मोठें कोठार उघडावें लागतें. तें उघडल्यावर कर्नल पहिली आज्ञावली सुरू करतो. ती सांपडली नाहीं, तर तो आपली असमर्थता जाहीर करून जागच्या जागीं थांबतो.

ही रचना एके काळीं लोक हातानें करीत. १.४४ मेगाबाइटांच्या एका फ्लॉपींत कर्नल आणि मोडलेला संगणक दुरुस्त करण्यापुरत्या आज्ञावल्या कोंबावयाच्या, हें काम प्रवासाला निघालेल्या माणसानें एका पिशवींत संसार भरावा तशा प्रकारचें होतें. एकेक आज्ञावली कोणत्या सामायिक लायब्रऱ्यांवर विसंबून आहे हें शोधून त्या बरोबर घ्याव्या लागत. एखादी राहिली तर घात होई. आणि आज्ञावल्यांस स्मृतींत चढविणारा मदतनीसच राहून गेला, तर आज्ञावली डोळ्यांसमोर दिसत असतांही ती सांपडत नाहीं असें संगणक बिनदिक्कत सांगे. ब्रूस पेरेन्स यांनीं १९९५ सालीं बिझीबॉक्स लिहिली ती याच अडचणींतून. नेहमीच्या अनेक आज्ञावल्यांचीं कामें एकाच आज्ञावलींत सामावून त्यांनीं फ्लॉपीवर जागा केली. त्या कामांत कष्ट फार होते हें खरें. पण काम पुरें झालें म्हणजे आंत काय आहे आणि तें कां आहे, हें करणारास संपूर्ण ठाऊक असे.

पुढें हें काम करणारीं साधनें निघालीं. त्यांपैकीं बिल्डरूट हें आमच्या विचाराचा विषय आहे. लहान यंत्रांसाठीं यूसीलिबसी नांवाची छोटी लायब्ररी तयार करणाऱ्या मंडळींनीं आपल्या कामाची परीक्षा पाहण्याकरितां २००१ सालीं तें सुरू केलें. २००९ पासून पीटर कोर्सगार्ड यांच्या देखरेखीखालीं त्याची नवी आवृत्ति दर तीन महिन्यांनीं निघूं लागली. वापरणारानें यादींतून हवें तें निवडावें. साधन त्या त्या आज्ञावलीची मूळ संहिता आणतें, ती पारखतें, परक्या जातीच्या प्रोसेसरसाठीं लागणारा कंपायलर स्वतः घडवितें आणि अखेरीस यंत्रांत घालण्याजोगी तयार फाइलव्यवस्था हातीं देतें. पूर्वीं कित्येक आठवडे खाणारें काम कांहीं तासांवर आलें. ही सुधारणा निर्विवाद होय.

वाद पुढेंच आहे. समजा, एखाद्यानें यादींतील एकच आज्ञावली काढून टाकली, किंवा तिचा एक पर्याय बदलला. आतां साधनानें काय करावें? बिल्डरूट यावर जें करतें तें नवशिक्यास चमत्कारिक वाटेल. या बदलामुळें दुसरें काय काय पुन्हां घडवावें लागेल याचा तर्क करण्याच्या भरीस तें पडतच नाहीं. काढलेल्या आज्ञावलीच्या फाइली आधीं तयार झालेल्या रचनेंतून तें आपण होऊन वगळीत नाहीं. खात्रीचा परिणाम हवा असेल तर सर्व पुसून आरंभापासून पुन्हां घडवा, असें त्याच्या मार्गदर्शिकेंतच स्पष्ट सांगितलेलें आहे. कारण असें कीं, घडविलें जात असतांना एखादी आज्ञावली आजूबाजूस पाहते, कोणती लायब्ररी हजर आहे तें हेरते आणि कोणासही न सांगतां तिचा आधार घेते. अशा न सांगितलेल्या आधारांचा हिशेब बाहेरून बिनचूक मांडणें दुर्घट आहे. मग चुकीचा हिशेब मांडण्यापेक्षां तो मांडतच नाहीं असें सांगणें बरें, हा या मंडळींचा पक्ष.

याच्या उलट पक्षही विचारी आहे. २०१० सालीं लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयानें सुरू झालेल्या योक्टो प्रकल्पांत प्रत्येक कामास काय काय पुरविलें याची मोजदाद ठेवून त्यावरून एक खूण काढतात. खूण बदलली असेल तेवढेंच काम पुन्हां करतात, बाकीचें जुनें वापरतात. यांत वेळ पुष्कळ वांचतो. त्याची किंमत अशी कीं, साधन स्वतःच मोठें आणि अवघड होऊन बसतें व तें शिकण्यास दिवस घालवावे लागतात. आमच्या मतें या दोन्ही पक्षांत अप्रामाणिक कोणीच नाहीं. एक म्हणतो, मी मोजतों आणि त्या मोजण्याचा भार उचलतों; दुसरा म्हणतो, मला मोजतां येत नाहीं, म्हणून मी मोजल्याचा आव आणीत नाहीं. निंद्य आहे तें तिसऱ्या प्रकारचें साधन. जें अदमासानें कांहीं ठेवतें, कांहीं टाकतें, आणि सर्व यथास्थित झाल्याचा निर्वाळा देऊन मोकळें होतें. वापरणारास हेंच साधन सर्वांत सोयीचें वाटतें, आणि म्हणून पुष्कळदां सुधारणा या नांवाखालीं त्याचीच मागणी होते.

कोणी म्हणेल, हा सर्व प्रामाणिकपणा दुसऱ्याच्या वेळावर चालला आहे. ज्याच्याजवळ जुना, मंद संगणक आहे अशा विद्यार्थ्यास एका क्षुल्लक बदलासाठीं सबंध दुपार वाट पाहावयास लावणें हा कोठला न्याय? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. जो वेळ वांचवितां येतो तो न वांचविणें हाही एक प्रकारचा अन्याय आहे, आणि साधेपणाच्या नांवावर आळस खपविणारे लोक जगांत थोडे नाहींत. परंतु याच बिल्डरूटांत पुढें झालेली एक सुधारणा या प्रश्नावर चांगला प्रकाश पाडते. प्रत्येक आज्ञावलीस घडविण्याची स्वतंत्र खोली देण्याची, आणि त्या खोलींत तिनें आधार म्हणून जेवढ्या गोष्टींचीं नांवें उघड सांगितलीं असतील तेवढ्याच ठेवण्याची सोय त्यांत करण्यांत आली. तिच्यामुळें अनेक आज्ञावल्या एकाच वेळीं घडवितां येऊं लागल्या आणि वेळ वांचला. पण त्याहून मोठी गोष्ट ही कीं, जी आज्ञावली न सांगतां शेजारच्या वस्तूस हात घालीत होती तिला आतां ती वस्तु दिसेनाशी झाली. तिचें बिंग फुटलें आणि तिचा खरा आधार कागदावर मांडणें भाग पडलें. वेळ आणि सचोटी यांचें वैर नाहीं, हें यावरून दिसतें. सोय आणि समज या दोहोंस एकत्र नांदवितां येतें. मात्र तसें करण्यास अक्कल आणि कष्ट दोन्ही अधिक लागतात.

हा प्रश्न आम्हीं नीतीचा मानला याचें कारण, असल्या साधनाचें फळ साधन चालविणाराच्या घरीं राहत नाहीं. तें बंद पेटींतून हजारों अपरिचित कुटुंबांत जातें. पेटी विकत घेणाऱ्या गृहस्थास आंत काय आहे हें पाहतां येत नाहीं. घडविणारानें तें पाहिलें असेल एवढाच त्याचा भरंवसा असतो. वैद्यानें पुडींत काय बांधलें आहे हें रोग्यास कळत नाहीं हें चालण्याजोगें आहे. तें वैद्यासही ठाऊक नसणें चालण्याजोगें नाहीं.

हा भरंवसा किती नाजूक आहे हें केन थॉम्प्सन यांनीं ट्यूरिंग पुरस्काराच्या निमित्तानें दिलेल्या आणि १९८४ सालीं छापलेल्या व्याख्यानांत दाखविलें होतें. कंपायलरांतच कपट पेरलें, तर तो स्वतःच्या पुढील पिढींतही तेंच कपट उतरवीत जाईल आणि मूळ संहिता वाचणारास त्याचा मागमूसही लागणार नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. २०२४ च्या मार्च महिन्यांत या भीतीचें एक जवळचें रूप जगानें पाहिलें. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनांत कोणीं चोरवाट ठेवली होती; आणि ती उघडणारा आज्ञांचा तुकडा सार्वजनिक संहितेंत नसून केवळ वाटल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत होता. दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, या क्षुल्लक दिसणाऱ्या शंकेचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड यांनीं केला म्हणून ती उघडकीस आली. एवढेंसें कांहीं बिघडत नाहीं, असें म्हणून तेही स्वस्थ बसते तर?

येथें साधनाची मर्यादाही ओळखली पाहिजे. बिल्डरूट आणलेल्या संहितेचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी एक खूण, ताडून पाहतें. पण तो ठसा एवढीच साक्ष देतो कीं, ही वस्तु पूर्वीं पाहिलेलीच आहे. ती चांगली आहे अशी साक्ष तो देऊं शकत नाहीं. ओळख पटणें आणि शील पटणें या निराळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच गेल्या दशकांत एका दुसऱ्या प्रयत्नास जोर आला आहे. तो असा कीं, एकाच संहितेपासून दोन परस्पर अपरिचित माणसांनीं निरनिराळ्या ठिकाणीं घडविलेली वस्तु अक्षरशः एकसारखी निघावी. वरवर पाहतां हें सोपें वाटतें. परंतु घडविल्याची वेळ, घडविणाराच्या फोल्डराचें नांव, फाइलींचा क्रम असल्या किरकोळ गोष्टी आंत शिरतात आणि दोन प्रती भिन्न होतात. या गोष्टी एकेक शोधून काढणें हें पोथीच्या पाठभेदांइतकेंच चिकाटीचें काम आहे. तें साधलें म्हणजे मात्र घडविणाराच्या शब्दावर विसंबण्याचें कारण उरत नाहीं. ज्यास शंका येईल त्यानें स्वतः घडवून ताडून पाहावें.

आणखी एक कर्तव्य उरतें, तें वस्तु घेणाराविषयींचें. लिनक्सचा कर्नल ज्या परवान्याखालीं वाटला जातो त्याची १९९१ ची दुसरी आवृत्ति असें बंधन घालते कीं, तयार वस्तु देणारानें तिची मूळ संहिताही मिळण्याची तजवीज करावी. बिल्डरूटांत यासाठीं एक वेगळी आज्ञाच आहे. ती वापरलेल्या आज्ञावल्यांचे परवाने आणि संहिता एकत्र करून देते. असल्या हिशेबी कामाचें फळ काय, हें लिंक्सिसच्या एका प्रसिद्ध राउटरावरून कळतें. परवान्यावर बोट ठेवून लोकांनीं विचारणा केल्यावर २००३ सालीं त्याची संहिता खुली झाली. तिच्या व बिल्डरूटाच्या आधारानें २००४ सालीं ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, आणि कारखान्यानें एकदांच भरून दिलेल्या पेट्या लोक स्वतः दुरुस्त करूं लागले. मूळ संहिता आणि ती घडविण्याची रीत हातीं नसती, तर त्या पेट्या कर्त्याची मर्जी असेपर्यंतच उपयोगी राहिल्या असत्या.

तेव्हां साधन सुधारूं इच्छिणारापुढें आमचे दोनच प्रश्न आहेत. तुमच्या सुधारणेनंतर दुसऱ्या कोणास, तुम्ही जवळ नसतांना, हेंच काम पुन्हां करून पाहतां येईल काय? आणि तुमचें साधन जें करीत नाहीं किंवा ज्याविषयीं त्यास खात्री नाहीं, तें तें उघडपणें सांगेल काय? दोन्ही उत्तरें होकारार्थी असतील तर कष्ट कितीही कमी करा. त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. मनुष्यानें सर्व कांहीं हातानें करावें असा आमचा मुळींच आग्रह नाहीं, आणि फ्लॉपीच्या दिवसांची आम्हांस हळहळही वाटत नाहीं. प्रत्येकानें प्रत्येक गोष्ट समजून घेणें या जगांत शक्य नाहीं. परंतु ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्याची वाट आपल्या सोयीसाठीं बुजवून टाकण्याचा अधिकार कोणासच नाहीं; कारण आपण घडविलेली पेटी ज्या दिवशीं बंद पडेल, त्या दिवशीं ती उघडणारा मनुष्य बहुधा आपणांस कधीं न भेटलेला, पण आपल्याच चोखपणावर विसंबलेला असा असेल.