चांगल्या घरी दिलेला कोंबडा

परसात चार कोंबड्या पाळण्याचा छंद अलीकडे आमच्या सुशिक्षित पांढरपेशा वर्गातही शिरला आहे. ज्या घरांतून दोन पिढ्यांपूर्वी अंडे हा शब्द उच्चारतानाही आवाज खाली येई, त्याच घरांच्या मागील अंगणात आज जाळीचे खुराडे उभे असते व पाहुण्यांस ते मोठ्या अभिमानाने दाखविले जाते. इ. स. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकून पडलेल्या पुष्कळांस ही हौस लागली; आम्ही त्यांपैकीच एक. हौसेची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ह्या निरुपद्रवी दिसणाऱ्या छंदाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि आमच्या आजवरच्या सर्व वाचनाने जो कधी पुढे आणला नाही, तो आमच्या अंगणातील पाच नरांनी आणला.

हकीकत अशी. आमच्याकडे दूध घालणाऱ्या बाईंनी एक गावठी खुडूक कोंबडी आणि अकरा अंडी आणून दिली. दुकानातील अंडी सहसा उबत नाहीत, कारण जेथे ती घातली जातात तेथे नर ठेवलेलाच नसतो. फलित अंडी हवी असतील तर ज्या अंगणात कोंबडा हिंडतो तेथेच ती शोधावी लागतात. आणि अंडी मिळाली तरी त्यांवर बसणारी कोंबडी हवी. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या व्यापारी जातींतून मनुष्याने निवडीच्या जोरावर खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी केली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी घालणे थांबविते. मातृत्व उत्पादनाच्या आड येते म्हणून ते वंशातून पुसून टाकावयाचे, आणि पुढे हौशी मनुष्याने तेच मातृत्व शोधीत दारोदार हिंडावयाचे, ह्या विनोदाकडे आम्ही आमच्या अर्थशास्त्राच्या सहाध्यापकांचे अनेकदा लक्ष वेधले आहे; ते हसत नाहीत.

कोंबडी एकवीस दिवस बसली. दिवसातून एकदा उठे, दाणे टिपी, पाणी पिई आणि धावत परत येई. सातव्या रात्री आम्ही विजेरीच्या उजेडावर एक अंडे धरून पाहिले. आत तांबड्या शिरांचे जाळे आणि मध्ये हलणारा एक ठिपका. हाच ठिपका तीन दिवस उबलेल्या अंड्यात ॲरिस्टॉटलने पाहिला व रक्ताच्या थेंबासारखे स्पंदन पावणारे हृदय म्हणून त्याची नोंद केली. त्यास त्यासाठी अंडी फोडावी लागली, आम्हांस लागली नाहीत, एवढीच आमची प्रगती. त्या रात्रीपासून घरात अंड्यांची मोजदाद थांबली व पिलांची सुरू झाली.

अकरांतून आठ पिले निघाली, आणि आठांत पाच नर. पक्ष्यांमध्ये अपत्याचे लिंग मातेच्या बीजावरून ठरते, पण प्रमाण मनुष्याप्रमाणेच सामान्यतः निम्मे-निम्मे पडते. आठ-दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरतो. आमच्याकडे तीन तलंगांच्या मागे पाच कोंबडे. पाचव्या महिन्यात तुरे लाल झाले, झुंजी सुरू झाल्या आणि पहाटे चारला आरवण्याची चढाओढ लागली. शेजाऱ्यांनी प्रथम विनोदाने, नंतर चिठ्ठीने कळविले. रात्री डालग्याखाली झाकून ठेवण्याचा उपाय केला, तेव्हा कोंबडे झाकल्याने तांबडे फुटावयाचे राहत नाही ही म्हण अक्षरशः अनुभवास आली. शेवटी एक ठेवून चार कोंबडे 'चांगल्या घरी' दिले. देताना प्रत्येकास आम्ही विचारले, "सांभाळाल ना?" प्रत्येकाने "हो, हो" म्हटले.

त्यांपैकी एक बागाईतदार गृहस्थ सहा महिन्यांनी एका लग्नात भेटले. पाऊस, उसाचा भाव, त्यांच्या मुलीचे शिक्षण, सर्व विषय झाले. कोंबड्याचा विषय आम्ही काढला नाही. त्याचा आम्हांस विसर पडला होता असे मुळीच नाही. पंक्तीत त्यांच्या शेजारी बसलो असता दुसरे काही सुचत नव्हते.

हे न विचारणे कोणत्या जातीचे कृत्य आहे? आमच्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या मोठ्या कुशलतेने केली आहे: आपले स्वत्व निवृत्त व्हावे आणि दुसऱ्याचे उत्पन्न व्हावे म्हणजे दान पूर्ण झाले. भांड्याकुंड्यांच्या, भूमीच्या बाबतीत हे निर्दोष आहे. परंतु जे भांडे आम्ही घडविले नाही ते देणे, आणि ज्या जिवास आम्हीच अंडी मांडून, दिवस मोजून जगात आणले तो देणे, ह्यांत भेद नाही काय? लेक दिल्यानंतर स्वत्व गेले म्हणून तिची खुशाली न विचारणाऱ्या बापास आपण काय म्हणतो, हे वाचकांस सांगावयास नको. स्वत्व गेले तरी उत्तरदायित्व मागे राहते असे आम्हांस वाटते, आणि ते राहिले आहे ह्याचा पुरावा आमचे ते लग्नातील मौनच होय. ज्याचे काही देणे लागत नाही त्यास चौकशीचे भय कशाचे?

येथे कोणी बेंथॅमचा आधार घेईल. इ. स. १७८९ मध्ये त्याने पशूंविषयी विचारले की त्यांस बुद्धी किंवा वाणी आहे काय हा प्रश्नच नव्हे, त्यांस वेदना होतात काय हा प्रश्न. हे वाक्य प्राणिदयेचे सर्व पुरस्कर्ते सांगतात. परंतु त्याच तळटीपेत त्याने पशू मारून खाण्यास मोकळीक दिली आहे, कारण पुढे येणाऱ्या दुःखाची दीर्घ चिंता पशूस नसते, हे मात्र थोडेच सांगतात. तो न्याय मान्य केला तर आमच्या कोंबड्याचे फारसे बिघडले नाही. मग बिघडले ते कोणाचे? आमच्या मते आमचे. कोंबड्याच्या मानेपेक्षा 'चांगल्या घरी' ह्या दोन शब्दांचे आम्हांस अधिक वाईट वाटते.

आणि हे शब्द आम्हीच बोलतो असे नाही. शहरांच्या रस्त्यांवर गुलाबी-हिरवी रंगविलेली पिले टोपलीत घालून विकावयास येतात. मुले हट्ट करतात, आईबाप घेऊन देतात. अंड्यांसाठी वाढविलेल्या जातींतील नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत, म्हणून उबवणी केंद्रांत ते निरुपयोगी ठरतात; ही पिले बहुतेक त्यांतलीच असतात. रंग देऊन टाकाऊ जिवाचे खेळणे झाले, आणि दोन-चार दिवसांत ते मेले की 'आजारी होते' म्हणून मुलाची समजूत घातली जाते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून असली एका दिवसाची नर पिले मारण्यास बंदी केली. तेथे आता एक तर नरही वाढवावे लागतात, नाहीतर अंड्यातच लिंग ओळखून ते अंडे उबण्यापूर्वी बाजूस काढावे लागते. ह्याने प्रश्न सुटला की एकविसाव्या दिवसावरून मागे सरकला, ह्याविषयी मतभेद होईल. तथापि त्या राष्ट्राने प्रश्न निदान उघड्यावर मांडला.

सॉक्रेटिसाने अखेरच्या घटकेस मित्रास ॲस्क्लेपियस देवतेच्या द्यावयाच्या राहिलेल्या कोंबड्याची आठवण दिली, असे प्लेटो सांगतो. ह्यावर विद्वानांनी पुष्कळ भाष्ये केली आहेत. आमच्या कोकणातील मनुष्यास ती लागणार नाहीत. नवसाचा किंवा राखणीचा कोंबडा राहून गेला तर त्यासही झोप येत नाही. ह्या दोघांच्या हातून कोंबडा मरणारच. परंतु आपण काय करीत आहो हे दोघांसही ठाऊक असते व ते ते बोलून दाखवितात. आम्ही दयाळू लोक तेवढे बोलत नाही.

ह्या वर्षी ज्येष्ठात आमची एक तलंग, आता चांगली थोराड झालेली, पुन्हा खुडूक बसली. अंडी मांडण्यापूर्वी आम्ही दूध घालणाऱ्या बाईंस विचारले की नर निघाले तर त्या नेतील काय. त्या म्हणाल्या, "नेईन की. पण साहेब, दिवाळीच्या बाजारात विकीन हो, मागाहून विचारू नका." आम्ही म्हटले, विचारणार, कोणत्या बाजारात, किती रुपयांस, आणि नेताना पाय बांधून उलटे टांगले होते काय, एवढे तरी विचारणारच. त्यांस ते विचित्र वाटले, पण त्या कबूल झाल्या. अकराऐवजी पाचच अंडी मांडली. आमच्या घरात मात्र ह्या करारास अद्यापि मान्यता मिळालेली नाही. विरजणाची पातेली हलविताना सौभाग्यवती म्हणतात की ठाऊक असून पाठवावयाचे तर पूर्वीचे काय वाईट होते. त्यावर आमच्याजवळ उत्तर आहे, पण ते त्यांस अजून पटलेले नाही, आणि कोंबडी बसून आज नऊ दिवस झाले.