स्नातक आणि उमेदवार

पदवी घेतलेल्यासाठी मराठीत ‘पदवीधर’ हा शब्द रूढ असला, तरी ‘स्नातक’ या त्याच्या जुन्या पर्यायात एक संपूर्ण विधी दडलेला आहे. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, ‘समावर्तन’ नावाचा संस्कार येतो. त्यात ब्रह्मचारी मेखला व दंड उतरवी, विधिपूर्वक स्नान करी आणि नवी वस्त्रे, पादत्राणे व छत्री घेऊन गुरुगृहातून परते. पारस्कर गृह्यसूत्र अशा स्नातकाचे तीन प्रकार सांगते: विद्या पुरी करूनही व्रत अपुरे राहिलेला विद्यास्नातक, व्रत पाळूनही विद्या अपुरी राहिलेला व्रतस्नातक, आणि दोन्ही साधलेला विद्याव्रतस्नातक. ‘पदवी आहे, पण कामाची सवय नाही’ असे आज ज्याच्याविषयी म्हटले जाते, तो या परिभाषेत विद्यास्नातक ठरेल. तथापि याच ग्रंथात मधुपर्क देऊन, म्हणजे दही, मध व तूप अर्पून, ज्यांचा सत्कार करावा अशा सहा जणांत आचार्य व राजा यांच्या जोडीला स्नातकाचेही नाव आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. विद्येतून व्यवहारात येणाऱ्याला सामावून घेणे हे त्याचे नव्हे, तर ज्यांच्या दारी तो येतो त्यांचे कर्तव्य मानले होते.

आज त्या दारी त्याला भेटणारा शब्द ‘उमेदवारी’ हा आहे. फारसी ‘उमेद’, म्हणजे आशा, यावरून आलेला हा शब्द मराठीत निवडणुकीइतकाच नवशिक्याच्या अल्पवेतनी किंवा बिनपगारी सेवेलाही लागतो, आणि सरकारी कागदांतही प्रशिक्षणार्थी ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणूनच ओळखला जातो. मधुपर्काचा अधिकारी आणि आशेवर दाराशी थांबलेला, या दोहोंतील अंतर हाच येथे धर्मविचाराचा प्रश्न आहे.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आचार्य निरोप घेणाऱ्या शिष्याला उपदेश करतात. सत्य व धर्म यांबरोबरच कुशल आणि समृद्धी यांचीही हेळसांड करू नये, असे ते सांगतात. पुढे, आचार्यांची जी आचरणे चांगली असतील तेवढीच उचलावीत, असे म्हणण्याची विलक्षण प्रामाणिकताही ते दाखवतात. सर्वांत मोलाचा भाग मात्र शंकेविषयीचा आहे. कर्माविषयी किंवा वृत्ताविषयी, म्हणजे वागणुकीविषयी, शंका आली तर त्या ठिकाणी जे विचारी, मनाने रुक्ष नसलेले आणि धर्माची चाड असलेले असतील, ते कसे वागतात हे पाहावे. मूळ संदर्भात कर्म म्हणजे यज्ञकर्म आणि ते विचारी जन म्हणजे ब्राह्मण. तरीही शिष्य पूर्ण तयार होऊन बाहेर पडत नाही, उरलेली तयारी बाहेरच्या भल्या माणसांजवळ होते, ही त्यामागची धारणा आजही खरी आहे.

मिरा-भाईंदरमध्ये ही धारणा डोळ्यांनी पाहता येते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे शेकडो गाळे आहेत. अशा एखाद्या गाळ्यात, पॉलिशच्या चाकांच्या घरघरीत, पोटमाळ्यावरच्या टेबलाशी नवा वाणिज्य पदवीधर बसतो, आणि खाली टेम्पो भरून उभा असताना त्याला पहिले ई-वे बिल काढायचे असते. गाडीचा क्रमांक कोणत्या रकान्यात भरावा, ही त्याची कर्माविषयीची शंका. आठवड्याभराने त्याला मागच्या तारखेचे बिल करण्यास सांगितले जाते, आणि ते करावे की नाही, ही वृत्ताविषयीची शंका. पहिलीचे उत्तर एखादा क्लास देऊ शकेल, दुसरीचे उत्तर शेजारच्या टेबलावरचा जुना हिशेबनीस स्वतः काय करतो, यावरच ठरते.

अर्थात समावर्तनाचा गौरव करताना त्याचे दार स्त्रियांना आणि बहुजनांना बंद होते, हे विसरणे अन्यायाचे होईल. गोरा कुंभार किंवा सावता माळी यांना अशा संक्रमणाची गरजच नव्हती, कारण त्यांचे शिक्षण आणि काम एकाच अंगणात चाले. पण ते सातत्य जन्माने ठरलेल्या व्यवसायाच्या किमतीवर मिळालेले होते. ती बेडी तुटली म्हणूनच शिक्षण व काम यांत दरी पडली, आणि ही दरी जर स्वातंत्र्याची किंमत असेल, तर ती एकट्या बावीस वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने का भरावी?

शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 याचे उत्तर अंशतः देतो. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने 2.5 ते 15 टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर 4 ते 29 कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. महाराष्ट्राच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. भाईंदरचे बहुतेक गाळे लहान, म्हणजे ऐच्छिक भागात मोडणारे. तेथे शिकवण्याचा भार कायद्यावर नव्हे, ऋषिऋणावर येतो, कारण ज्याने विद्या घेतली त्याने ती पुढे दिल्याविना ते ऋण फिटत नाही, असे परंपरा मानते. हिशेबनीस आपले काम बाजूला सारून नवख्याला रकाना दाखवतो तेव्हा खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो, आणि त्या दहा मिनिटांचा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.